मधल्या भिंतीचा पंचनामा

माझे सासरे प्रेमानंद मेश्राम यांनी आयुष्यात एकच गोष्ट न तपासता मानली, ती म्हणजे स्वतःचा कुलर. बाकी कशावरही त्यांचा पटकन विश्वास बसत नाही. भाजीवालीचा काटा, डॉक्टरची चिठ्ठी, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज, माझ्या वरणातलं मीठ, सगळं ते तपासून घेतात. "कोणी सांगतलं म्हणून मानाचं नाही, डोयानं पाहाचं," हे वाक्य आमच्या घरात दिवसातून तीनदा तरी होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार आवडलं. सासरा असावा तर असा, असं मी माहेरी फोनवर सांगितलंसुद्धा. त्याला आता अकरा वर्षं झाली, आणि ते मत मला मधूनमधून मागे घ्यावं लागतं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकडून आमच्या लेआउटमध्ये आलं की एसटीवाल्यांच्या सोसायटीची जोडघरं लागतात. दोन घरं आणि त्यांच्यामध्ये एक सामाईक भिंत. भिंतीच्या अलीकडे बाबा, माझे मिस्टर प्रशिक आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. पलीकडे नत्थूजी भोयर आणि कौशल्याकाकू. नत्थूजी कंडक्टर होते. म्हणजे बाबांनी दुरुस्त केलेली गाडी रस्त्यात बंद पडली की प्रवाशांच्या शिव्या नत्थूजींनी खायच्या. गाड्या दुरुस्तीमुळे बंद पडायच्या की घंटीची दोरी तुटेपर्यंत ओढल्यामुळे, यावर दोघांचं अजून एकमत नाही. भांडण नाही, पण जाणंयेणंही नाही. सकाळी कुंपणाशी "जय भीम नत्थूजी" आणि "राम राम प्रेमानंदजी" एवढं झालं की दिवसाचा हिशेब मिटायचा.

आमची समोरची खोली हे वाचनालय आहे. बाबा नोकरीला लागले त्या वर्षापासून दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर रिकामा थैला घेऊन जातात आणि पुस्तकांनी भरलेला घेऊन येतात. पगार कमी होता तेव्हा थैला लहान होता, एवढाच फरक. आता अकराशेवर पुस्तकं झाली आहेत. मधल्या भिंतीला अगदी चिकटवून लाकडी कपाटं उभी आहेत, समोर दोन लांब टेबलं आणि बाकडी. वर्गणी नाही. नियम एकच आहे, पान दुमडायचं नाही. एका बँकेतल्या साहेबांनी एकदा पान दुमडलं, तर बाबांनी त्यांना सगळ्यांसमोर ते पान सरळ करायला लावलं आणि पुन्हा बसू दिलं.

आणि त्या खोलीच्या खिडकीत कुलर. एसटीच्या लिलावातला पत्रा आणून बाबांनी तो स्वतः ठोकून बनवला आहे. आकाराने तो ऑटोपेक्षा थोडाच लहान असेल. आवाज गाडी घाट चढत असल्यासारखा. पंखा सुरू झाला की वाळ्याच्या ताट्यांतून पाण्याचा बारीक फवारा सुटतो आणि थेट समोरच्या कपाटांपर्यंत जातो. नवीन माणूस दचकतो. बाबा म्हणतात, "घाबरू नका जी, गारवा हाये."

नागपुरात कुलर होळीला लागतो आणि पाऊस नीट बसला की त्याच्यावर ताडपत्री पडते. आमचा पोळ्यापर्यंत चालायचा. कारण साधं होतं. मे महिन्यात, नवतप्यात, बाहेर मोठ्या रस्त्याचं डांबर चिकट व्हायला लागलं की आमच्या वाचनालयात दुपारी पंचवीस माणसं असायची. स्पर्धा परीक्षावाले, पेन्शनर, दुपारची दुकानं बंद करून आलेले दोन टेलर, तीन-चार ऑटोवाले. बाबा दारात उभे राहून ती पंचवीस डोकी पाहायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते मी दुसऱ्या कुठल्या वेळी पाहिलेलं नाही. ही माणसं जाऊ नयेत म्हणून ते जुलैतही कुलर लावायचे. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लोटलेलं, मागची खिडकी खिळा मारून बंद. वरचे झरोके तर समोरचा रस्ता सिमेंटचा झाला त्या वर्षी धुळीसाठी म्हणून पुठ्ठ्यांनी बुजवले होते, ते तसेच राहिले.

मी एकदा सांगून पाहिलं होतं की कुलरची हवा एका बाजूने आत आली तर दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोलीत नुसती वाफ साठते.

"तुह्या पुस्तकात असन," बाबा म्हणाले. "इथं माणसं गार बसून राहिली, ते डोयानं दिसून राहिलं."

मी गप्प बसले. गप्प बसण्याचं आणखी एक कारण होतं. पावसाळ्यात आमचे ओले कपडेही त्याच खोलीत मागच्या दोरीवर वाळायचे, आणि ते कोण वाळत घालायचं हे इथे सांगायची गरज नाही.

गेल्या जुलैत एका पेन्शनराने एक पुस्तक मागितलं. बाबांनी खालच्या कप्प्यातून ते ओढलं तर एकाऐवजी चार पुस्तकं एकमेकांना धरून बाहेर आली. बाबांनी कपाट ओढलं. मागची फळी फुगली होती. भिंतीच्या ऑइल पेंटला कमरेपर्यंत फोड आले होते आणि त्यांच्या कडेने हिरवी-काळी बुरशी. खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तकं जाड झाली होती, काहींची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. ती त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतली पुस्तकं. बाबा तिथेच फरशीवर बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामठीला महादेवराव नावाच्या त्यांच्या जुन्या मित्राला फोन केला. महादेवराव तिथलं एक मोठं सार्वजनिक वाचनालय सांभाळतात.

"धम्मचक्र दिनापर्यंत पाहातो," बाबा म्हणाले. "तोवर भिंत नाही सुकली तं सगळी पुस्तकं तुम्ही घेऊन जा. ओलीत ठेवून मारणं माह्यानं होणार नाही."

म्हणजे प्रश्न असा होता की तीन महिन्यांत ओल गेली तर वाचनालय राहणार, नाहीतर कामठीचा टेम्पो येणार. आणि ओल घालवायची तर ती कुठून येते हे आधी सापडायला हवं होतं.

बाबांचा पहिला संशय सिमेंटच्या रस्त्यावर. आमच्या लेआउटमधला रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा तो घरांच्या जोत्यापेक्षा हातभर उंच झाला, हे खरंच आहे. पाऊस आला की रस्ता कोरडा आणि अंगण तलाव. बाबा वर्कशॉपमधली पातळी पाहायची पट्टी घेऊन रस्त्यावर पोटावर झोपले. एक दूधवाला मोटरसायकल थांबवून उतरला, त्याला वाटलं म्हातारा चक्कर येऊन पडला. दोन दिवस मोजमाप झालं आणि एका कागदावर बाणासहित नकाशा तयार झाला. मी तो पाहून एवढंच विचारलं की पाणी रस्त्यावरून आलं तर समोरची भिंत कोरडी कशी आणि ओल थेट मधल्या भिंतीला कशी. पाणी समोरच्या भिंतीवरून उडी मारून गेलं का?

"विचार करतो," बाबा म्हणाले आणि नकाशा घडी करून खिशात ठेवला.

मग प्रशिकने उन्मेष नावाच्या वॉटरप्रूफिंगवाल्या पोराला आणलं. त्याच्याकडे दोन सुयांचं यंत्र होतं. भिंतीला टेकवलं की ओल असेल तर पीं पीं वाजायचं. मधल्या भिंतीला वाजलं. कपाटाला वाजलं. टेबलाला वाजलं. शेवटी उन्मेषने सवयीने ते हातात घट्ट धरलं तर त्याच्या घामेजलेल्या तळहातालाही वाजलं. तरी त्याचा निर्णय तयार होता. पाणी पलीकडून येतंय, भिंतीला ओळीने भोकं पाडून आत औषध टोचावं लागेल. भिंतीला इंजेक्शन ही कल्पना बाबांनी ताबडतोब फेटाळली. पण 'पलीकडून' हा शब्द मात्र त्यांनी उचलून धरला. पलीकडे नत्थूजींची बाथरूम होती.

संध्याकाळी कुंपणाशी "जय भीम" झाल्यावर बाबा पुढे बोलले, जे एरवी कधी होत नसे.

"नत्थूजी, तुमच्या बाथरूमातला पाइप फुटला हाये. पाणी माह्या भिंतीत येऊन राहिलं."

नत्थूजींनी हातातली झारी खाली ठेवली. ते किडकिडीत, ताठ आणि इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ आहेत. घरातही कॉलरचं बटण लावतात.

"पंचवीस वर्षं मी गाडीत एक फुकट्या चढू देला नाही जी," ते म्हणाले, "अन् तुमच्या भिंतीत फुकटचं पाणी सोडीन?"

"मी कुठं म्हणून राहिलो तुम्ही सोडता? पाइप सोडते."

"माह्या घरचा पाइप हाये. मले विचारल्याबिगर सोडणार नाही."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण नत्थूजी पडले अपमान झालेले कंडक्टर. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मिस्त्री बोलावला आणि मधल्या भिंतीकडची बाथरूमची अख्खी बाजू फोडून काढली. त्या बाजूला कौशल्याकाकूंनी दिवाळीत हौसेने बसवलेल्या गुलाबी टाइल्स होत्या, गुलाबाचं फूल असलेल्या. फोडून झाल्यावर नत्थूजींनी आम्हाला पाहायला बोलावलं. पाइप उघडा पडला होता आणि त्याच्या आजूबाजूची वीट खणखणीत कोरडी होती. पायाखाली गुलाबाच्या पाकळ्या, टाइल्सच्या.

बाबांनी वाकून पाइपाच्या खालून बोट फिरवलं. बोट पाहिलं. मग म्हणाले, "आज कोरडं हाये. काल ओलं असन."

कौशल्याकाकू आत गेल्या, पिशवी भरली आणि रामटेकला बहिणीकडे निघून गेल्या. टाइल्स होत्या तशा बसतील तेव्हा फोन करा, एवढं त्यांनी दारात सांगितलं.

आता मला राग आला. एक शेजारी बिनबाथरूमचा झाला, दुसऱ्याची पुस्तकं सडतायत, आणि दोघंही छाती काढून उभे. मी बाबांना म्हटलं, तुम्ही तपासून पाहा म्हणता ना, मग तपासूच. शाळेत मी मुलांकडून करून घेते तो प्रयोग आहे. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा लावायचा आणि चारही बाजूंनी टेपने पक्का बंद करायचा. एक दिवस-रात्र तसाच ठेवायचा. तुकड्याच्या खालून पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते. वरून जमलं तर ती खोलीतल्या हवेतली.

बाबांना प्रयोग फार आवडला, कारण निकाल काय येणार हे त्यांना आधीच माहीत होतं. त्यांनी दुधाच्या तीन पिशव्या कापून, धुऊन, पुसून घेतल्या. कपाटं पुढे ओढून मधल्या भिंतीवर तीन ठिकाणी चिकटवल्या. नत्थूजींना साक्षीदार म्हणून बोलावलं. टेपवर तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. नत्थूजींनी सही करण्याआधी टेपच्या चारही कडा नखाने तपासल्या.

"कुलर चालू ठेवा," बाबा म्हणाले. "परिस्थिती बदलाची नाही."

एवढं एक वाक्य ते शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला गेले तेव्हाच मला दिसलं. तिन्ही पिशव्यांवर बाहेरून टपोरे थेंब उभे होते. मी तशीच झाडत राहिले. शिक्षिकेने निकाल आधी फोडू नये.

आठ वाजता नत्थूजी बटण लावून हजर झाले. बाबा चष्मा लावून पहिल्या पिशवीजवळ गेले आणि खांद्यावरच्या पंच्याने तिच्यावरचे थेंब पुसायला लागले.

"पुसू नका जी," नत्थूजी म्हणाले. "पुरावा पुसून राहिले तुम्ही."

"वरचं पाणी कायले पाहाचं? पाणी खाली हाये."

"दुसरी पिशवी हात लावाची नाही," नत्थूजी म्हणाले आणि बाबा व दुसरी पिशवी यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच्या नखाने टेप सोडवला, पिशवी उलटी केली आणि बाबांच्या हातात दिली. आतली बाजू कोरडी ठणठणीत. तिच्याखालचा भिंतीचा चौकोनही आजूबाजूच्या रंगापेक्षा फिकट, सुकलेला. तिसरीचं तेच. बाबांनी तिन्ही पिशव्या दोनदोनदा उलटून पाहिल्या. कुलरचा फवारा येऊन नत्थूजींच्या चष्म्यावर बसला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे पाणी तुमचंच हाये, प्रेमानंदजी," ते शांतपणे म्हणाले. "बरं, आता मले हे सांगा, मी अंघोळ कुठं करू?"

बाबांनी हातातल्या पिशव्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाले, "आमच्या इथं करा."

नत्थूजींनी ते शब्दशः घेतलं. त्यांचा मिस्त्री खाप्याचा. तो पोळा करूनच परत येतो म्हणून गावी गेला. त्यामुळे पुढचे जवळजवळ चार आठवडे रोज सकाळी सहाला नत्थूजी आमच्या दारात. एका हातात स्वतःची बादली, दुसऱ्यात साबणाची डबी, खांद्यावर टॉवेल. आमच्या घरात बादल्या नाहीत असं नाही, पण दुसऱ्याची बादली वापरणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. नेमकी ती माझी शाळेची तयारी करायची वेळ. मी आत असले की ते समोरच्या खोलीत बाकावर बादली मांडीवर घेऊन बसायचे आणि घड्याळाकडे पाहायचे. कंडक्टरने घड्याळाकडे पाहिलं की आतल्या माणसालाही ते ऐकू येतं.

एवढं होऊनही बाबांनी कुलर बंद केला नाही. चारही भिंतींवर पिशव्या लावल्या. छतावर लावली. स्वयंपाकघरात लावली. निकाल प्रत्येक वेळी तोच. पाचव्या दिवशी मला सुटी होती आणि दुपारी खोलीत दहा-बारा माणसं होती. मी बाबांना आत बोलावलं आणि सरळ विचारलं, की डोळ्यांनी पाहिलं, तीन-तीनदा पाहिलं, मग आता कशाची वाट पाहताय?

"बंद करतो ना," ते म्हणाले.

"कधी?"

त्यांनी दारातून समोरच्या खोलीकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "बंद केला तं येईन कोण, प्रीती?"

 इतके दिवस मला वाटत होतं की म्हाताऱ्याचा कुलरवर जीव आहे, हट्ट आहे, मेकॅनिकचा माज आहे. तसं नव्हतं. ही माणसं पुस्तकांसाठी येतात की गारव्यासाठी, एवढं एकच त्यांना तपासून पाहायचं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. रोज उठून मी त्यांना बोलत होते, आणि ते एकटेच ही भीती घेऊन दारात उभे राहून डोकी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः प्लग काढला. टाकीतलं पाणी अंगणात सोडलं, ताट्या काढल्या, पंप पुसून डब्यात ठेवला. सगळं शांत झालं तेव्हा लक्षात आलं की आम्ही वर्षानुवर्षं घरात ओरडूनच बोलत होतो.

मग मात्र मेकॅनिक जागा झाला. झरोक्यांचे पुठ्ठे निघाले. मागच्या खिडकीचा खिळा पक्कडीने उपटला. माझी दोरी वर गच्चीवरच्या पत्र्याखाली गेली, मी विरोध केला नाही. ऑइल पेंटमुळे भिंतीला श्वासच नव्हता, तो खरवडून काढला आणि साधा चुना मारला. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे आणली, मागून हवा खेळायला. पुस्तकं उन्हात ठेवायची नाहीत, कागद कडक होऊन तुटतो, हे बाबांनी कुणाला तरी विचारून आणि मग एका जुन्या दिवाळी अंकावर तपासून घेतलं. म्हणून टेबलांवर सगळी पुस्तकं पंख्याखाली उभी, पानं पसरून, मधे वर्तमानपत्राचे तुकडे. रोज तुकडे बदलायचे. जी वीट झाली होती ती तशीच राहिली. बाबांनी तीही फेकली नाहीत.

आणि माणसं? पहिल्या दिवशी सात जण आले. ताट्या काढलेल्या कुलरकडे पाहून "कुलर बिघडला का जी?" असं विचारून चार परत गेले. दुसऱ्या दिवशी तीन. ऑटोवाल्यांपैकी एकाने एसीवाल्या मॉलचा पत्ता बाकीच्यांना सांगितला. आठवड्याने कोणी नाही. सप्टेंबरचा दमट उकाडा होता, त्यांना तरी काय बोलणार. बाबा रोज दुपारी बाकडी पुसून, दार उघडून बसायचे. चारला मी शाळेतून येईपर्यंत तिथेच. 

सप्टेंबरअखेर त्यांनी पुन्हा दुधाच्या पिशव्या लावल्या. वरून कोरडी, खालून कोरडी. भिंतीची लढाई जिंकली होती. मी पेढे आणू का म्हणून विचारलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि कामठीला फोन लावला.

"महादेवराव, भिंत सुकली," ते म्हणाले. "तरी पुस्तकं घेऊनच जा. वाचणारा नाही तं ठेवून काय करू?"

येत्या रविवारी टेम्पो पाठवायचं ठरलं. प्रशिक आणि मी दोघांनी समजावून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खोके आणायला सांगितले. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

नत्थूजींची बाथरूम आदल्या आठवड्यातच झाली होती. तशाच गुलाबाच्या टाइल्स शोधायला त्यांनी इतवारीचा अख्खा बाजार पालथा घातला. कौशल्याकाकू आल्या, पाहिल्या, एक फूल उलटं बसलंय म्हणाल्या, पण राहिल्या. नत्थूजींचं आमच्याकडे येणं बंद झालं. त्यांची सवय इतकी झाली होती की सहाला बादली वाजली नाही म्हणून माझी शाळा एक दिवस चुकली.

शनिवारी सकाळी बाबा खोके लावत होते आणि मी पुस्तकांची यादी करत होते. दारात नत्थूजी उभे. अंघोळ झालेली, बटण लावलेलं, हातात एक जाडजूड पुस्तक. आमचंच. एका जुन्या रेल्वे गार्डाने लिहिलेली स्वतःची हकीकत, खालच्या कप्प्यातली. अंघोळीची वाट पाहता पाहता त्यांनी ते काढलं असणार आणि कधीतरी बादलीत घालून घरी नेलं असणार. वहीत नोंद नव्हती.

"हे पुस्तक बरोबर नाही," नत्थूजी रागाने म्हणाले. "सत्त्याऐंशी पानाच्या नंतर एकदम शहाण्णव."

बाबांनी पुस्तक हातात घेतलं. मधली पानं चिकटून एक झाली होती. त्यांनी कडेला नख लावलं तसा कागद भुगा होऊन निघाला. त्यांनी नख काढून घेतलं.

"फाटन," ते म्हणाले. "ओलीनं गेली."

"मंग मी काय करू? पुलावर पाणी चढून राहिलं, गार्डानं लाल कंदील दाखवला, डायवरले दिसला का नाही दिसला? शहाण्णवात तं तो घरी बसून भाकर खाऊन राहिला. चार दिवस झाले जी, मले झोप नाही."

बाबांनी पुस्तक मिटलं. "बत्तीस वर्षं भिंतीपल्याड राहता नत्थूजी," ते म्हणाले. "एक दिवस वाचाले नाही आले."

"कसा येऊ? तुमच्या कुलरनं गुडघे आखडत होते माह्ये. दोनदा-तीनदा दारापर्यंत येऊन परत गेलो." नत्थूजी बाकावर बसले. "ते जाऊ द्या. तुम्ही वाचलं होतं का हे?"

"तीनदा."

"मंग सांगा."

बाबांनी हातातला खोका खाली ठेवला, बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि बंद पुस्तक मांडीवर घेऊन सांगायला लागले. कंदील दाखवला तेव्हा वारा सुटला होता, कंदील विझला. मग गार्डाने अंगातला सदरा काढला. नत्थूजी मध्येच थांबवून विचारत होते, गाडी पॅसेंजर होती का मालगाडी, डबे किती, आणि बाबा एकेक आठवून सांगत होते. माझ्या हातातली यादी तशीच राहिली. तेवढ्यात फोन वाजला. कामठीचे महादेवराव. त्यांचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता. उद्या टेम्पो किती वाजता पाठवू, असं ते विचारत होते.

"उद्या नका पाठवू," बाबा म्हणाले.

"काहून गा?"

"वाचणारा हाये इथं."

"किती हायेत?"

बाबांनी नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजींनी हाताने खूण केली, फोन ठेवा आणि पुढचं बोला.

"एक हाये," बाबा म्हणाले. "तुम्ही मंग फोन करा जी, त्याची गाडी पुलावर अडली हाये."